१९८६ च्या आधीचे मार्व्हल-डीसी: वाचायचा क्रम कसा लावावा आणि विसंगती आली की काय करावं?

कोरा_फुगा

मार्व्हल आणि डीसी या दोन कंपन्यांचे १९५६ ते १९८६ या काळातले अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स सलग वाचायला घेतले आहेत. कंटिन्युइटी (वेगवेगळ्या अंकांतल्या घटनांचा आपसातला मेळ) तीन जागी अडते आहे.

एक, हल्क. त्याची स्वतःची मालिका सहा अंकांत बंद पडली आणि त्यानंतर तो सगळ्यांच्या अंकांत उगवतो. मुखपृष्ठावरच्या महिन्यांनुसार लावलं तरी एक-दोन अंक भलतीकडेच बसतात.

दोन, कॅप्टन अमेरिका. ॲव्हेंजर्स ४ (मार्च १९६४) सांगतो की तो १९४५ पासून बर्फात गोठलेला होता. मग १९५३-५४ मध्ये छापलेल्या अंकांत कम्युनिस्टांना झोडपणारा कॅप्टन अमेरिका कोण?

तीन, डीसीच्या दोन पृथ्व्या: जुने नायक एकीवर, नवे दुसरीवर. अर्थ-टूचा सुपरमॅन नक्की कुठल्या अंकात संपतो आणि अर्थ-वनचा कुठे सुरू होतो?

"छापलेल्या क्रमानं वाचा" एवढंच उत्तर नको. का वाचायचं आणि तो क्रम कुठे फसतो, तेही सांगा. नोंदी कशा ठेवता हेही.

---

चांदणीची_तळटीप

हल्कपासूनच सुरू करू. त्याचा माग काढता आला की त्या काळातलं मार्व्हल आपोआप उलगडतं.

मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना नाही. न खपलेला अंक स्टॉलवरून कधी उचलायचा, हे विक्रेत्याला कळावं म्हणून तो पुढचा छापत. फॅन्टॅस्टिक फोर १ वर नोव्हेंबर १९६१ आहे, पण अंक बाजारात आला ऑगस्टमध्ये. साधारण दोन-तीन महिन्यांचा फरक धरायचा. दोन मालिकांमधला फरक सारखा असेल तर क्रम बिघडत नाही. एक मालिका मासिक आणि दुसरी द्वैमासिक असली की घोळ होतो. फॅन्टॅस्टिक फोर सहाव्या अंकापासून (सप्टेंबर १९६२) मासिक झालं. ॲव्हेंजर्स मात्र सुरुवातीला दर दोन महिन्यांनी येत होतं.

हल्कची वाट अशी आहे: इनक्रेडिबल हल्क १ ते ६ (मे १९६२ ते मार्च १९६३), फॅन्टॅस्टिक फोर १२ (मार्च १९६३), ॲव्हेंजर्स १ ते ३ (सप्टेंबर १९६३ ते जानेवारी १९६४). दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो संघ सोडतो आणि तिसऱ्यात समुद्राखालचा राजा नेमॉर याच्या बाजूनं लढतो. मग ॲव्हेंजर्स ४ मध्ये कॅप्टन अमेरिका सापडतो. त्यानंतर फॅन्टॅस्टिक फोर २५-२६ (एप्रिल-मे १९६४): आपली जागा कॅप्टन अमेरिकाला दिली हे कळल्यावर हल्क चवताळून न्यूयॉर्कवर चालून येतो. म्हणजे एका मालिकेत पडलेल्या ठिणगीचा भडका दुसरीत उडतो. पुढे ॲव्हेंजर्स ५, अमेझिंग स्पायडरमॅन १४ (जुलै १९६४), टेल्स टू अस्टॉनिश ५९, आणि ६० पासून (ऑक्टोबर १९६४) त्याच पुस्तकात त्याची स्वतःची मालिका.

तुमच्या यादीत भलतीकडे बसणारा अंक बहुधा जर्नी इन्टू मिस्ट्री ११२ असणार. मुखपृष्ठ जानेवारी १९६५ चं, पण त्यातली थॉर-हल्क झुंज ॲव्हेंजर्स ३ मधल्या जिब्राल्टरच्या लढाईतच घडते. थॉर ती नंतर मुलांना सांगतो आहे. तो अंक त्याच्या छापील जागीच वाचा. नोंदीत मात्र "घटना: ॲव्हेंजर्स ३ च्या मध्ये" असं लिहा.

हे सगळं इतकं घट्ट का बसलं, त्याचं एक रुक्ष कारण आहे. मार्व्हलचं वितरण इंडिपेन्डन्ट न्यूजकडे होतं आणि ती कंपनी डीसीच्याच मालकांची. महिन्याला आठच्या आसपासच अंक काढायची मुभा होती. म्हणून एका पुस्तकात दोन नायक कोंबले जात. टेल्स ऑफ सस्पेन्समध्ये आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका, टेल्स टू अस्टॉनिशमध्ये जायंट-मॅन आणि हल्क. इतके थोडे अंक एकच संपादक डोक्यात ठेवू शकतो, आणि तो संपादक, म्हणजे स्टॅन ली, बहुतेक अंकांचा लेखकही होता. १९६८ मध्ये बंधन सुटलं आणि जोडपुस्तकं फुटली. टेल्स टू अस्टॉनिशचाच १०२ वा अंक इनक्रेडिबल हल्क १०२ म्हणून निघाला, त्यामुळे हल्कच्या दुसऱ्या मालिकेला "अंक १" नाही. यादी करताना इथे बरेच जण हरवलेले अंक शोधत बसतात.

---

पृथ्वीदोन

डीसीचं उत्तर मी देतो. ('अर्थ-वन' मधला अर्थ म्हणजे पृथ्वी. कधीकधी दुसराही अर्थ लागत नाही, ते वेगळं.)

मूळ शिवण फ्लॅश १२३ (सप्टेंबर १९६१) मध्ये आहे. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रं कार्माइन इन्फॅन्टिनोची. त्याआधी शोकेस ४ (ऑक्टोबर १९५६) मध्ये नवा फ्लॅश बॅरी ॲलन जुन्या फ्लॅश कॉमिक्सचा १३ वा अंक वाचताना दिसतो, म्हणजे जुना फ्लॅश, जे गॅरिक, त्याच्या जगात छापील पात्र आहे. पाच वर्षांनी दोघांना भेटवायचं ठरलं तेव्हा फॉक्सनं तो जुना तपशील पुसला नाही. उलट तोच कामाला लावला: बॅरीच्या जगातल्या गार्डनर फॉक्सला स्वप्नात दुसरी पृथ्वी दिसत होती आणि तो ती कथा म्हणून लिहीत होता! मला हा जुन्या कॉमिक्समधला सगळ्यात देखणा सांधा वाटतो. १९६३ च्या जस्टिस लीग २१-२२ पासून दोन्ही पृथ्व्यांच्या संघांची वार्षिक भेट सुरू झाली आणि ती १९८५ पर्यंत टिकली. लक्षात ठेवा, वयानं मोठे नायक अर्थ-टूचे आहेत. क्रमांक छापण्याच्या क्रमाच्या उलटे आहेत.

आता सुपरमॅन. फ्लॅशची रेघ स्वच्छ आहे कारण जे गॅरिकचं मासिक १९४९ मध्ये बंद पडलं होतं. सुपरमॅन, बॅटमन आणि वंडर वुमन कधीच बंद पडले नाहीत. त्यामुळे "इथून पुढे दुसरा माणूस" असा अंकच नाही. रेघ शोधू नका, खुणा शोधा. अर्थ-टूचा क्लार्क डेली स्टारमध्ये काम करतो, त्याचे पालक जॉन आणि मेरी केंट, जन्मनाव काल-एल न लिहिता काल-ल, आणि तो लहानपणी कधी सुपरबॉय नव्हता. अर्थ-वनचा डेली प्लॅनेटमध्ये, पालक जोनाथन आणि मार्था, आणि तो सुपरबॉय होता.

या खुणा कुठे फसतात? डेली स्टारचं नाव बदलून डेली प्लॅनेट झालं ते १९४० मध्येच, ॲक्शन कॉमिक्स २३ ला. आणि सुपरबॉय पहिल्यांदा आला १९४५ मध्ये, मोअर फन कॉमिक्स १०१ मध्ये. म्हणजे खुणा तंतोतंत लावल्या तर चाळिशीतले कितीतरी अंक अर्थ-वनमध्ये जातात. अर्थ-टूचा सुपरमॅन हा खरं तर सत्तरच्या दशकात मागे वळून घडवलेला माणूस आहे. त्याचं लॉइसशी लग्न ॲक्शन ४८४ (जून १९७८) मध्ये सांगितलं आहे. १९४० चे अंक वाचताना त्याला तिथे शोधलंत तर सापडणार नाही.

बॅटमनसाठी "छातीवर पिवळा लंबगोल आला की अर्थ-वन" असा नियम सांगतात. तो लंबगोल मे १९६४ च्या डिटेक्टिव्ह ३२७ पासूनचा. पण जस्टिस लीग १९६० मध्येच सुरू झाली होती आणि तिच्यातला बॅटमन साध्या वटवाघळाचाच. तेव्हा हा नियम सोडून द्या.

आणखी दोन गोष्टी बाजूला काढा. सुपरमॅनच्या अंकांत "काल्पनिक कथा" असा शिक्का असलेल्या गोष्टी (उदाहरणार्थ सुपरमॅन १६२, जुलै १९६३, लाल आणि निळ्या सुपरमॅनची) कंटिन्युइटीत धरत नाहीत. शिक्का मुखपृष्ठावर किंवा पहिल्या पानावर असतो. दुसरं म्हणजे ब्रेव्ह अँड द बोल्डमधल्या बॉब हेनीच्या गोष्टी. ८८ व्या अंकात (१९७०) अर्थ-वनचा बॅटमन अर्थ-टूच्या वाइल्डकॅटला भेटतो, पृथ्वी कशी ओलांडली याचा एका फुग्यातही खुलासा नाही. अशा गोष्टींसाठी पुढे "अर्थ-बी" नावाची वेगळी पृथ्वीच काढली गेली. त्या जरूर वाचा, फक्त तक्त्यात घुसवू नका. डीसीत प्रत्येक संपादकाचं संस्थान वेगळं होतं आणि शेजारच्या टेबलावर काय चाललंय याची त्याला पर्वा नव्हती, एवढंच त्यामागचं गुपित.

---

जुनी_शाई

कॅप्टन अमेरिकासाठी तीन थर वेगळे करा.

१९४५ पर्यंतचा स्टीव्ह रॉजर्स, हा वादाचा नाही. १९५३-५४ चा कॅप्टन यंग मेन २४ (डिसेंबर १९५३) मध्ये परततो आणि कॅप्टन अमेरिका ७६ ते ७८ (१९५४) मध्ये संपतो. ॲव्हेंजर्स ४ लिहिताना हे अंक सरळ दुर्लक्षिले गेले. आठ वर्षांनी स्टीव्ह एंगलहार्ट आणि सॅल ब्यूसेमा यांनी कॅप्टन अमेरिका १५३ ते १५६ (सप्टेंबर ते डिसेंबर १९७२) मध्ये उत्तर दिलं: तो दुसराच माणूस होता. कॅप्टनच्या वेडानं झपाटलेला, चेहरा आणि आवाज बदलून घेतलेला शिक्षक. कॅप्टनला ताकद देणारं सुपर-सोल्जरचं औषध त्याला सापडलं, पण त्यासोबतचे व्हिटा-किरण त्यानं घेतले नाहीत. त्यामुळे डोकं फिरलं, जो तो कम्युनिस्ट दिसू लागला, आणि शेवटी सरकारनंच त्याला गोठवून ठेवलं.

दुरुस्ती कशी करावी याचा हा नमुना आहे. पन्नाशीतल्या अंकांमधला एकही प्रसंग रद्द केला नाही. त्या अंकांचा कर्कश सूर, जो १९७२ च्या वाचकाला खटकला असता, तोच रोगाचं लक्षण ठरवला.

तिसरा थर बहुतेक याद्यांत सुटतो. युद्ध संपल्यावरही कॅप्टन अमेरिका कॉमिक्स १९४९-५० पर्यंत निघत होतं. बर्फात गोठलेला माणूस तिथे कसा? त्याचं उत्तर व्हॉट इफ ४ (ऑगस्ट १९७७) मध्ये रॉय थॉमसनं दिलं: आधी स्पिरिट ऑफ सेव्हन्टीसिक्स आणि त्याच्यानंतर पॅट्रियट या दोघांनी तो पोशाख घातला. व्हॉट इफ ही "असं झालं असतं तर" प्रकारची मालिका, म्हणून लोक ती अख्खी वगळतात. हा एक अंक मात्र मुख्य कंटिन्युइटीत धरला जातो.

आता क्रम. कालक्रमानं लावायचा मोह होईल: आधी १९४५, मग व्हॉट इफ ४, मग १९५३, मग बर्फ. तसं करू नका. १५३-१५६ ची सगळी ताकद "दोन कॅप्टन समोरासमोर कसे?" या धक्क्यात आहे, आणि तो धक्का ॲव्हेंजर्स ४ मनात पक्कं बसलेलं असेल तरच लागतो. दुरुस्ती आधी वाचली तर भोकच दिसत नाही.

'रेटकॉन' हा शब्द ज्या 'रेट्रोॲक्टिव्ह कंटिन्युइटी' पासून आला, तो शब्दप्रयोगही रॉय थॉमसनंच १९८३ च्या ऑल-स्टार स्क्वाड्रन १८ च्या पत्रांच्या पानावर वापरला होता. आज रेटकॉन म्हणजे पुसणं असं समजतात. त्याच्या हातात ते भर घालणं होतं.

---

कोरा_फुगा

हल्क सुटला, आभार! ११२ चाच घोळ होता. पण मग फॅन्टॅस्टिक फोर २५ मध्ये हल्कच्या माणूस-रूपाला, बॅनरला, "बॉब" म्हटलंय ते काय? आणि माझ्याकडे बरेचसे अंक संग्रहित आवृत्त्यांत आहेत. त्यात काही सुटतं का?

---

चांदणीची_तळटीप

बॉब ही निव्वळ चूक. ली पात्राचं नाव विसरला. वाचकांनी पत्रं पाठवल्यावर २८ व्या अंकाच्या पत्रांच्या पानावर त्यानं जाहीर केलं की पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर. तेव्हापासून ते अधिकृत आहे. पीटर पार्कर, ब्रूस बॅनर, रीड रिचर्ड्स अशी एकाच अक्षराची नावं ठेवण्यामागेही नाव लक्षात राहावं हाच हेतू होता. तरी विसरला, हे विशेष.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. संग्रहित आवृत्त्यांत पत्रांची पानं बहुतेक वेळा नसतात, आणि कंटिन्युइटीचे निम्मे निवाडे तिथेच झालेत. शक्य तिथे मूळ अंकाचं पूर्ण स्कॅन पाहा.

दुसरं, वार्षिकांक. पुष्कळ संग्रहांत ते खंडाच्या शेवटी टाकतात. फॅन्टॅस्टिक फोरचा तिसरा वार्षिकांक (१९६५, रीड आणि स्यूचं लग्न) ४३ आणि ४४ च्या मधला आहे. तो शेवटी वाचलात तर ४४ पासून दोघं नवरा-बायको का, हे मागाहून कळेल.

तिसरी गोष्ट सत्तरच्या दशकातल्या पुनर्मुद्रण मालिकांची, म्हणजे मार्व्हल टेल्स वगैरे. साठच्या दशकातली कथा साधारण २० पानांची. सत्तरच्या उत्तरार्धात अंकात कथेला १७-१८ पानंच उरली होती. मग जुनी कथा बसवायला पानं कापली. कापताना हाणामारी ठेवत आणि घरगुती प्रसंग उडवत. पुढच्या अंकात ज्याचा संदर्भ येतो तो नेमका त्या घरगुती पानातच असतो. चांदणीची खूण करून "अंक अमुक पाहा" अशी तळटीप आली आणि तिथे गेल्यावर तो प्रसंगच दिसला नाही, तर पहिल्यांदा पानं मोजा. आवृत्ती कापलेली असायची शक्यता सगळ्यात जास्त.

---

पृथ्वीदोन

१९८६ ला थांबणार आहात ते बरं, पण क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स (१२ अंक, एप्रिल १९८५ ते मार्च १९८६, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ) वाचून लगेच पुस्तक मिटू नका. पुढची दोन-तीन वर्षं चाळा. जुनी व्यवस्था किती काम करत होती, ते ती मोडल्यावर दिसतं.

सगळ्या पृथ्व्या एक केल्या, ठीक. पण मालिका एकाच महिन्यात नव्यानं सुरू केल्या नाहीत. सुपरमॅन १९८६ च्या मध्याला, वंडर वुमन फेब्रुवारी १९८७ ला, हॉकमन तर १९८९-९० ला. दर वेळी कुणाचातरी भूतकाळ पायाखालून सरकला. नवी वंडर वुमन आत्ताच माणसांच्या जगात आली म्हटल्यावर टीन टायटन्समधली डॉना ट्रॉय, जी वर्षानुवर्षं वंडर गर्ल होती, ती कुणामुळे वंडर गर्ल झाली? सुपरमॅन कधी सुपरबॉय नव्हता म्हटल्यावर लीजन ऑफ सुपर-हीरोज कुणाच्या प्रेरणेनं उभी राहिली?

डॉनाची गंमत अशी की तिचा जन्मच गोंधळातून झालाय. वंडर गर्ल म्हणजे मुळात लहानपणीची डायनाच, म्हणजे स्वतः वंडर वुमन. बॉब हेनीनं १९६५ मध्ये ब्रेव्ह अँड द बोल्ड ६० मध्ये तिला टीन टायटन्समध्ये घातलं, ही दोन वेगळी माणसं नाहीत याचा विचार न करता. टीन टायटन्स २२ (१९६९) मध्ये वुल्फमननं तिला आगीतून वाचवलेली अनाथ मुलगी ठरवून ते निस्तरलं. त्याच वुल्फमनला क्रायसिसनंतर तिचा उगम पुन्हा लिहावा लागला, कारण क्रायसिस त्यानंच लिहिलं होतं.

पॉवर गर्लचे हाल त्याहून वाईट. १९७६ पासून ती अर्थ-टूच्या सुपरमॅनची चुलत बहीण. नव्या जगात सुपरमॅन हा क्रिप्टनचा एकटाच उरलेला, म्हणून १९८७ मध्ये तिला अटलांटिसच्या जादूगार ॲरिऑनची नात केलं. हे कुणालाही पटलं नाही.

---

जुनी_शाई

नोंदींबद्दल कुणीच लिहिलं नाही. साधा तक्ता करा, एका अंकाला एक ओळ. रकाने सहाच: मालिका आणि अंक, मुखपृष्ठाचा महिना, पाहुणी पात्रं, तळटीपांत उल्लेख झालेले अंक, गोष्टीतला काळ सांगणारी खूण (बर्फ, नाताळ, शाळेची परीक्षा), आणि खटकलेली गोष्ट. वर्षाचा रकाना करू नका. मार्व्हलमध्ये गोष्टीतला काळ कॅलेंडरनं चालत नाही. पीटर पार्कर १९६२ मध्ये शाळेत होता आणि सप्टेंबर १९६५ ला, अमेझिंग स्पायडरमॅनच्या २८ व्या अंकात, शाळा संपली. इथवर काळ जवळजवळ खरा. कॉलेज मात्र १९६५ ला ३१ व्या अंकात सुरू होऊन १९७८ ला १८५ व्या अंकात संपतं, आणि तेव्हाही व्यायामाच्या तासाचा एक क्रेडिट बाकी म्हणून पदवी हातात पडत नाही. तेरा वर्षांची पदवी वर्षांच्या रकान्यात मांडायला गेलात की तक्ता तिथेच मोडतो. "अमुक अंकाच्या आधी, तमुकच्या नंतर" एवढंच लिहा.

तळटीपांतले क्रमांक तपासून घ्या. घाईत एखादा अंक मागेपुढे पडलेला आढळतो. ग्रँड कॉमिक्स डेटाबेसवर अंकवार पात्रं आणि कथेची पानसंख्या मिळते, त्यावरून चूक कुणाची ते लगेच कळतं.

मार्व्हलची अधिकृत हँडबुकं (जानेवारी १९८३ पासून, मार्क ग्रुएनवाल्डच्या देखरेखीखाली) आणि डीसीचं हूज हू (२६ अंक, १९८५ ते १९८७) संदर्भाला उत्तम, पण मूळ अंक वाचून झाल्यावरच उघडा. हूज हू वापरताना जरा जपून: ते निघत असतानाच क्रायसिस चालू होतं, त्यामुळे सुरुवातीच्या अक्षरांतली पात्रं जुन्या जगातली आणि शेवटाकडची नव्या जगातली, असं अर्धवट झालंय.

आणि सहावा रकाना भरताना लगेच खुलासा लिहू नका. पेन्सिलनं फक्त अंक क्रमांक टाकून ठेवा. कॅप्टन अमेरिकाच्या बाबतीत तो रकाना भरायला मार्व्हललाच आठ वर्षं लागली होती.

---

कोरा_फुगा

तक्ता केला. पहिल्या ४० ओळींतच सहाव्या रकान्यात अकरा नोंदी. त्यातल्या तीन अंकांची पानं मोजली, दोन कापलेले निघाले.